फ्यूज कोणाच्या खिशात

एकच गोष्ट रोज नव्याने विचारत बसायचा मला लहानपणापासून कंटाळा. शाळेत असताना मैत्रिणी सकाळी वेणी एक घालायची की दोन यावर आरशासमोर वेळ घालवायच्या. मी सहावीत केसच कापून टाकले आणि विषय संपवला. आईने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, मग म्हणाली, ‘या पोरीचं सगळं एक घाव दोन तुकडे.’ तिला ती तक्रार वाटत होती. मला मात्र ते कौतुकच वाटायचं, आणि पुढची पंचवीस वर्षं मी तशीच वागत आले.

कामही मला या स्वभावाला साजेसं मिळालं. जुनवानीत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं पाच जणांचं ऑफिस आहे. तापमान दाखवणारी, टाकीतलं पाणी संपलं की ओरडणारी लहान लहान यंत्रं आम्ही बनवतो. त्यांच्या आतल्या चिपसाठी मी सी भाषेत प्रोग्राम लिहिते. या भाषेत ‘जर’ म्हणायच्या दोन तऱ्हा आहेत. एक साधा इफ. यंत्र चालू असताना तो दर वेळी थांबून विचारतो, पाणी कमी झालं का? आता झालं का? आणि आता? दुसरा, पुढे हॅशची खूण लावलेला इफ. तो यंत्राला काही विचारतच नाही. प्रोग्राम तयार व्हायच्या आधी कॉम्प्युटरमधलाच एक जण माझी फाइल वाचून जातो, त्याच्यासाठी ही ओळ असते. अट जुळली नाही की तो मधल्या ओळी गाळून टाकतो आणि उरलेलंच पुढे पाठवतो. त्या गाळलेल्या ओळी चिपमध्ये पोचतच नाहीत.

ऑफिसात नवीन आलेल्या मुलींना मी हे भाजीवरून समजावते. साधा इफ म्हणजे कढईतली भाजी मधूनमधून चाखणं. हॅशवाला इफ म्हणजे भाजी निवडणं. निवडताना फेकलेलं पान कढईला कधी कळत नाही. मला अर्थातच निवडणं आवडायचं. जे नको ते आधीच काढा, चिपमधली जागा वाचते आणि डोक्याला ताप नाही.

माझं घर दुर्गला, पण ऑफिस आईबाबांच्या फ्लॅटपासून चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे दुपारी एक वाजता मी आईकडे जेवायला जाते. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी डबा नेत नाही, यावर शेजारपाजारच्या बायका मला टोमणे मारतात. मारू देत. आईच्या हातचं गरम जेवण सोडून डबा खाण्याइतकी मी संत नाही.

बाबा स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन होते. रिटायर होईपर्यंत आम्ही सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये राहिलो. त्यांच्या खाकी पॅन्टच्या उजव्या खिशात तपकिरीची डबी असायची आणि डाव्या खिशात बहुतेक वेळा चिनीमातीचा पांढरा फ्यूज. तपकीर होती नाइट ड्यूटीत झोप येऊ नये म्हणून. पुढे दिवसाची जनरल ड्यूटी आली तरी ती सुटली नाही. आणि फ्यूज त्यांच्या नियमामुळे. लाइनवर काम करायचं तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण कोणीही येऊन चालू करतं. फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. काम संपलं की आपल्याच हाताने परत लावायचा. प्लांटमध्ये यासाठी कुलपं आणि लाल पाट्या होत्या, पण कॉलनीत कोणाचा पंखा नीट करताना बाबांना खिसाच पुरायचा.

एकदा काय झालं, शेजारच्या क्वार्टरमधला पंखा नीट करायला म्हणून जिन्याखालच्या बोर्डातून त्यांनी फ्यूज काढला. पंखा झाला, त्या घरी चहा झाला, गप्पा झाल्या आणि बाबा सायकल काढून बाजारात गेले. फ्यूज खिशातच. शेजाऱ्यांच्या घरात वीज येईना, दोघं तिघं जमले. बल्ब बदलून पाहिला, बटणं उघडून पाहिली, नव्याने नीट केलेला पंखा पुन्हा खाली उतरवला. जिन्याखाली कोणी पाहिलंच नाही. बाबा पिशवीत कोथिंबीर घेऊन परत आले तेव्हा आईने दारातच त्यांच्या खिशाकडे बोट दाखवलं. बाबा ती पिशवी घेऊनच जिन्याखाली धावले. घरात यावर किती वर्षं हसलो असू. कोणाला काही सापडेनासं झालं की आम्ही म्हणायचो, बाबांचा खिसा पाहा.

गेल्या हिवाळ्यात आईला मोठा ताप आला. ताप गेला, अंगात ताकदही परत आली, पण वास गेला तो गेलाच. आम्हाला ते कळलं ते दुधामुळे. गॅसवर दूध करपून धूर निघत होता आणि आई शेजारीच बसून मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा सोलत होती. मी धावत आत गेले तर म्हणाली, ‘काय झालं? कावून पळून राहिली?’ डॉक्टर म्हणाले, कदाचित येईल परत, कदाचित नाही.

आईने मात्र स्वयंपाक थांबवला नाही. मोहरी तडतडल्याच्या आवाजावर फोडणी, रंगावर कांदा, आणि तिखटमीठ हाताला माहीतच होतं. फक्त एक नवीन सवय लागली. दिवसातून दहा वेळा ती बाबांना हाक मारायची, ‘अहो, गॅसचा वास येऊन राहिला का?’ बाबा जिथे असतील तिथून उठायचे, स्वयंपाकघरात जायचे आणि तिथून त्यांचं उत्तर यायचं, ‘नाही ना.’ पेपर वाचत असले तरी उठायचे. दाढीचा साबण तोंडाला असला तरी उठायचे.

मला ते पाहवेना. हे किती दिवस चालणार? मी माझ्या रीतीने एक दिवस जाहीर करून टाकलं की सिलिंडर परत करायचा, इंडक्शनची शेगडी आणायची आणि विषय संपवायचा.

आईने पोळी तव्यावरून काढून थेट आचेवर टाकली, ती टम्म फुगली, तशीच चिमट्याने माझ्या ताटात वाढली. मग म्हणाली, ‘इंडक्शनवर हे करून दाखव. आणि भरताचं वांगं भाजून दाखव.’

‘आई, जिवापेक्षा वांगं मोठं आहे का?’

‘वांग्याची गोष्ट नाही. वास गेला माझा, हात नाही गेले. आज गॅस काढशील, उद्या म्हणशील विळी काढ, परवा म्हणशील बसून राह्य.’ तिचे डोळे भरले होते. आई सहसा रडत नाही.

तोडगा बाबांनी काढला. म्हणाले, ‘तू दुनियाभराच्या मशिनी बनवते. आपल्या घरी गॅस ओळखणारी एक बनव ना.’ आईने लगेच शब्द दिला, ‘एक महिना पाहू. त्या डब्बीनं बरोबर काम केलं तर गॅस राहीन. नाही तर तू म्हणशील तसं, मी तोंडातून शब्द नाही काढणार.’ आई शब्दाची पक्की आहे. तेव्हा आईचा गॅस राहणार की जाणार, हे आता माझ्या डबीवर होतं.

डबी मी मन लावून बनवली, हे सांगायलाच हवं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली बसतो, म्हणून ती जमिनीपासून वीतभर उंचीवर लावायची. आत दर सेकंदाला एक साधा इफ विचारणार, गॅस वाढला का? वाढला की भोंगा. भोंगा असा निवडला की बाबा अंघोळीला असले तरी ऐकू जावा. चाचणी आईच्याच टेबलावर चालली होती. लायटरमधला गॅस सोडायचा, डबी केकाटायची, आकडे थोडे बदलायचे, परत लायटर. पाचव्या वेळी आईच्या हातून पळी पडली. सातव्या वेळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, ‘भाभी, सब ठीक है ना?’ मग मी नेहमीची युक्ती केली. भोंग्याच्या ओळींना हॅशवाला इफ लावला, आणि सेटिंगच्या वेगळ्या फाइलमध्ये ‘शांत’ या शब्दापुढे एक हा आकडा टाकला. आता डबी गॅस ओळखायची आणि आकडे लॅपटॉपवर दाखवायची, पण भोंगा चिपमध्ये नव्हताच. उरलेली चाचणी शांततेत झाली. आकडे छान आले. मी डबी भिंतीवर लावली, हिरवा दिवा लागला, आणि मी ऑफिसला गेले.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, ‘एकदा वाजवून दाखव न.’

‘बाबा, काल दिवसभर वाजलीच ना.’

‘भिंतीवर लावल्यावर नाही वाजली.’

मला राग आला. मी लॅपटॉप उघडून त्यांना प्रोग्राम दाखवला, जवळजवळ त्यांच्या नाकाशी धरला. ‘हे पाहा. हा इफ. हा दर सेकंदाला विचारतो. आणि ही भोंग्याची ओळ. दिसते ना?’ ओळ दिसत होतीच. हॅशवाला इफ ओळ माझ्या फाइलमधून पुसत नाही, फक्त पुढे जाऊ देत नाही. बाबांनी चष्मा वर करून ती ओळ पाहिली. म्हणाले, ‘लिहिलेलं तर दिसून राहिलं.’ मग कधी चार दिवसांनी, कधी आठवड्याने ते हाच विषय काढायचे आणि मी तो उडवून लावायचे. म्हातारपणी माणसं संशयी होतात, असंही मी एकदा आईला म्हणाले.

महिना संपायला तीन दिवस होते. दुपारी एक वाजता मी जिना चढत होते आणि दुसऱ्या मजल्यावरच मला गॅसचा वास आला. वर गेले तसा वाढला. दार उघडंच होतं. आई बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून लाल भाजी निवडत होती. तिने नुकतीच हाक मारलेली असावी, कारण आतून बाबांचं उत्तर आलं, ‘नाही ना येऊन राहिला.’

मी आत गेले. बाबांचा डावा हात शेगडीच्या बटणावर होता. उजव्या हातात लायटर. चहाचं पातेलं समोर.

‘बाबा, लायटर खाली ठेवा.’ माझा आवाज इतका हळू निघाला की मलाच नवल वाटलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता लायटर ओट्यावर ठेवला. मी वाकून सिलिंडरचं रेग्युलेटर बंद केलं. खिडकी उघडली. पंख्याच्या बटणाकडे माझा हात गेला तेव्हा बाबा ओरडले, ‘बटणाले हात नको लावू, ठिणगी पडन!’ तेवढ्या वेळात भिंतीवरची डबी हिरवा दिवा लावून शांत बसली होती. नळी सिलिंडरजवळ चिरली होती. शेगडीची बटणं सगळी बंदच होती.

घरातून वास जाईपर्यंत आम्ही तिघं गॅलरीत उभे राहिलो. मला भीती वाटली की मी आधी दुसऱ्यावर चिडते. ‘बाबा, तुमाले वास आला नाही? खालच्या मजल्यापर्यंत येऊन राहिला होता!’

बाबा रस्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘मले नाही येत वास.’

‘सर्दी झाली का?’

‘सर्दी नाही. येतच नाही. लय वर्षं झाले. तपकिरीनं गेला असन.’

 महिनोन्‌महिने दिवसातून दहा वेळा ‘नाही ना’ म्हणणाऱ्या माणसाला वासच येत नव्हता. ‘मंग सांगितलं कावून नाही?’

‘सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी सिलिंडर उचलला असता. मी बटणं हातानं पाहत होतो न. एकेक बटण. दर वेळेस.’ मग म्हणाले, ‘नळी नाही पाहिली. चुकलं माझं.’

मी आईकडे वळले. तिला धक्का बसला असेल असं मला वाटलं. ती पदराने कपाळ पुसत होती. म्हणाली, ‘मले माहीत आहे. पन्नास वर्षांत यांनी एका तरी फोडणीले छान वास आला म्हटलं का? तपकिरीवरून मी किती भांडली, तुले आठवत नाही?’

‘माहीत होतं तर विचारत कावून होती?’

‘विचारलं की ते उठतात,’ आई म्हणाली. ‘उठून पाहून येतात.’

वास गेल्यावर बाबांनी डबी भिंतीवरून काढली, मांडीवर घेतली आणि टेस्टर आणला. वायरी पाहिल्या, जोड पाहिले. भोंग्याला सरळ करंट दिला तर तो कानठळ्या बसतील असा वाजला. बाबांनी डबी माझ्यापुढे ठेवली. ‘मशीन ठीक आहे. तुझं लिहिलेलं पाहा.’

मी लॅपटॉप उघडला. भोंग्याची ओळ जागेवर होती, इफ जागेवर होता. तीन वेळा वाचलं, काही चूक नव्हती. चौथ्या वेळी मला तिच्यावरची हॅशची ओळ दिसली. सेटिंगची फाइल उघडली. ‘शांत’ एक. महिनाभर ती डबी दर सेकंदाला इमानाने विचारत होती, आणि उत्तर हो आलं तेव्हा पुढे करायला तिच्याजवळ काहीच नव्हतं. ते मी आधीच काढून ठेवलं होतं. काढलं होतं यात चूक नव्हती. मी ते परत लावलं नाही.

बाबांना मी जमेल तसं समजावलं. त्यांना हॅश कळला की नाही माहीत नाही, पण गोष्ट बरोबर कळली. ‘म्हणजे फ्यूज तुझ्या खिशात,’ ते म्हणाले. ते हसले नाहीत आणि मलाही हसू आलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं मी ऑफिसातल्या मुलींना ऐकवते. मला त्या क्षणी इतकी शरम वाटली की मी लॅपटॉप मिटला आणि तोंड धुवायला गेले.

परत आले तर आई ओट्याशी उभी होती. तिने शेगडी पुसून लख्ख केली होती आणि बर्नरच्या पितळी चकत्या काढून वर्तमानपत्रात बांधत होती.

‘हे काय?’

‘ठरलं होतं न. डब्बीनं काम नाही केलं. सिलिंडरवाल्याले फोन लाव.’

‘आई, डबीची चूक नाही. माझी आहे.’

‘बरं मंग,’ आई पुडीला दोरा गुंडाळत म्हणाली, ‘तुले कामावरून काढून टाकायचं का? तुह्या हातून एक चूक झाली, लॅपटॉप परत करून ये. विषय संपला.’

ती चिडून बोलत नव्हती, हेच मला जास्त लागलं. विषय संपला हे माझेच शब्द होते. मी तिच्या हातातून पुडी घेतली, दोरा सोडला आणि चकत्या एकेक करून परत जागेवर ठेवल्या. एक उलटी बसली. आईने ती सरळ केली. मग मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि बाबा नवीन नळी आणायला म्हणून बाहेर निघून गेले.

त्या रविवारी मी डबी पुन्हा लिहिली. हॅशवाला इफ आणि ‘शांत’ दोन्ही कायमचे काढून टाकले. डबीच्या बाजूला एक बटण लावलं, ते दाबलं की भोंगा वाजतोच. बाबा रोज सकाळी आठ वाजता ते दाबतात. खालच्या काकू आता वर येत नाहीत, त्या भोंग्यावर नातवाला शाळेत पाठवतात. रविवारी बाबा नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहतात. ऑफिसातही मी एक वही ठेवली आहे. टेस्टिंगसाठी जे जे गाळलं ते तिच्यात लिहायचं आणि परत लावल्यावर खोडायचं. मुली तिला खिसा म्हणतात.

आई अजून हाक मारते. परवा बाबा बाजारात गेले होते आणि मी बाहेरच्या खोलीत जेवत होते. आतून आवाज आला, ‘गॅसचा वास येऊन राहिला का वो?’

घरात शाबूत नाक माझं एकटीचं. वास नव्हता. मी घास चावत जागेवरूनच म्हणाले, ‘नाही.’

‘उठून पाहून ये,’ आई म्हणाली, ‘मंग सांग.’

मी ताट बाजूला सरकवलं आणि उठले.